आधी पकड, मग मोटर

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या सडकांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. माजलगाव धरणाच्या कालव्याखालचा आणि गोदाकाठचा ऊस मोळ्या होऊन कारखान्याकडे निघतो. याच जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, त्यामुळे फड, ट्रॉली, हुक आणि टोचन हे शब्द इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असतात. त्यांतलीच काही मुले लाकूड, पीव्हीसी पाइप आणि फवारणी पंपाची जुनी बॅटरी जोडून स्वतःचा छोटा ट्रॅक्टर तयार करतात. पुढे त्याला रिमोट लागतो, मागे ट्रॉली लागते, आणि मग एक प्रश्न हमखास येतो: याला मोटर कोणती घालायची?

दुकानात जाऊन ‘सगळ्यात ताकदवान मोटर द्या’ म्हणणे हे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मोटर सर्वांत शेवटी निवडायची असते. हिशेबाची सुरुवात जमिनीला टेकलेल्या चाकापासून होते. तिथून आपण हुकाकडे, मग गिअरकडे, आणि मग मोटरीकडे जातो. हे प्रकरण त्याच वाटेने जाणार आहे. त्यातले गणित सातवीच्या पलीकडचे नाही, पण ते एकदा हाताने करून पाहिले की ओढणाऱ्या कोणत्याही यंत्राकडे पाहण्याची नजर बदलते.

फडातला हिशेब

खऱ्या ट्रॅक्टरपासून सुरुवात करू. समजा, ट्रॅक्टर ५५ हॉर्सपॉवरचा आहे. टायरमध्ये भरलेले पाणी आणि चालक धरून त्याचे वजन अडीच टन आहे. मागे दोन ट्रॉल्या आहेत आणि उसासकट त्यांचे वजन वीस टन आहे.

डांबरी सडकेवर चाके फिरवत न्यायला वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ लागते. वीस टनांना ती ४०० किलो झाली. म्हणजे सपाट सडकेवर ट्रॅक्टरला फारसे कष्ट नाहीत. फडात मात्र जमीन भुसभुशीत असते, चाक खाली दबते आणि पुढची माती सतत चढावी लागते. तिथे ही ओढ दहा टक्क्यांवर गेली, तर वीस टनांना दोन टन ओढ लागेल. काळ्या रानात ओल राहिली असेल तर तीच वीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

आता ट्रॅक्टर किती ओढू शकतो ते पाहू. ५५ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ४१ किलोवॉट. त्यातला पाचवा हिस्सा गिअरमध्ये आणि इतरत्र गेला असे धरले तरी चाकापर्यंत ३३ किलोवॉट पोचतात. पहिल्या गिअरात ताशी अडीच किलोमीटर वेग धरला, तर या शक्तीतून साडेचार टनांहून जास्त ओढ निघायला हवी. कागदावर ती निघतेही. प्रत्यक्षात मातीवर टायरची पकड ट्रॅक्टरच्या वजनाच्या निम्मी धरली, तर सव्वा टनालाच चाक जागेवर घुमू लागते. इंजिनात ताकद शिल्लक असते, जमीन मात्र ती घ्यायला तयार नसते.

म्हणूनच फडातून एकेक ट्रॉली काढून सडकेवर आणतात आणि तिथे दोन्ही जोडतात. एक ट्रॉली, दहा टन, दहा टक्के, म्हणजे एक टन ओढ. हे सव्वा टनात बसते. रान ओले असेल तर तेही बसत नाही, आणि दुसरा ट्रॅक्टर पुढे लावून टोचन करावे लागते. दुसरा ट्रॅक्टर आपले इंजिन तर आणतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या चाकांची पकड आणतो.

धारूरच्या घाटासारख्या चढावर हिशेबाला तिसरी बाजू येते. शंभर फुटांत पाच फूट चढ असेल, तर ट्रॅक्टरसकट साडेबावीस टनांच्या पाच टक्के, म्हणजे एक टनाहून थोडी जास्त ओढ फक्त चढण्यासाठीच लागते. त्यात चाके फिरवण्याची ओढ मिळवली की आकडा दीड टनाच्या पुढे जातो. चांगल्या डांबरावर पकड वजनाच्या सत्तर टक्के धरली तरी मर्यादा पावणेदोन टनांची आहे. दोन्ही आकडे इतके जवळ आले की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हाती लागेनासे होते.

ओढण्याची स्पर्धा

ओढ मोजण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेतल्या मिसुरी आणि ओहायो राज्यांत १९२९ मध्ये ट्रॅक्टरने वजन ओढण्याच्या स्पर्धा झाल्या, आणि तिथून या खेळाची नोंद सुरू होते. त्याआधी हेच घोड्यांच्या जोड्यांनी चाले. पुढे या खेळासाठी एक खास घसरगाडी तयार झाली. तिच्यावरची वजनाची पेटी सुरुवातीला मागच्या चाकांवर असते. गाडी पुढे सरकते तशी पेटीही पुढे सरकत जाते, गाडीचा पुढचा सपाट तळ जमिनीवर अधिकाधिक दाबला जातो, आणि अखेरीस ट्रॅक्टर थांबतो. जो जास्त अंतर जाईल तो जिंकतो. याच खेळाची छोटी आवृत्ती रिमोटच्या ट्रॅक्टरांनी खेळली जाते, लहान घसरगाडी आणि लहान मैदानासह.

आपल्याकडे ओढ शास्त्रशुद्ध मोजण्याचे काम मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्र सरकारच्या संस्थेत होते. १९५५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी घेताना इंजिनाची ताकद मोजतात आणि ड्रॉबारवर, म्हणजे हुकावर, प्रत्यक्ष किती ओढ मिळते तेही मोजतात. या दोन आकड्यांतला फरक समजला की मोटर निवडण्याची अर्धी विद्या आली.

पहिले काम: काट्याने पकड मोजा

आपला नमुना ट्रॅक्टर खऱ्याच्या एक दशांश मापाचा आहे असे धरू. मागचे चाक १३ सेंटिमीटर व्यासाचे, पुढच्या आणि मागच्या आसांत अंतर २० सेंटिमीटर. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहापट कमी झाल्या की वजन हजारपट कमी होते, म्हणून हुबेहूब नमुना अडीच किलोचाच व्हायला हवा. बॅटरी आणि लोखंडी पट्ट्या घालून आपण तो पाच किलोचा केला आहे. ओढणाऱ्या यंत्राला वजन हवेच असते, कारण पकड वजनातूनच येते.

आता कापूस तोलायचा लटकता काटा किंवा स्प्रिंगचा काटा घ्या. ट्रॅक्टरची चारही चाके दोरीने जाम करा, आणि जिथे तो चालवायचा आहे त्याच जमिनीवर हुकाला काटा लावून आडवा ओढा. ट्रॅक्टर घसरत जात असताना काटा जो आकडा दाखवेल ती पूर्ण वजनाची पकड. रबरी टायर आणि कोरडे सिमेंट असेल तर पाच किलोच्या ट्रॅक्टरला हा आकडा चार किलोच्या आसपास येऊ शकतो. सुट्या मातीवर तो अडीच-तीन किलोवर येईल. टायर कडक प्लॅस्टिकचे असतील तर सिमेंटवरही तो बराच घसरतो, आणि मग मोटर बदलण्याआधी टायर बदलणे शहाणपणाचे ठरते.

आपल्या उदाहरणात पकड चार किलो धरू. ट्रॅक्टरच्या पूर्ण वजनाचा भार मागच्या चाकांवर आला, तरच ही चार किलोंची ओढ मिळेल. तो भार मागे नेण्याचे काम हुक करतो.

उभ्या ट्रॅक्टरच्या पाच किलोंपैकी तीन किलो मागच्या चाकांवर आणि दोन किलो पुढच्या चाकांवर आहेत असे समजा. ओढ सुरू झाली की पुढचा भार मागे सरकतो, आणि किती सरकेल हे हुकाच्या उंचीवर ठरते. हुक जमिनीपासून ४ सेंटिमीटरवर असेल तर घसरण्याआधी जास्तीत जास्त ओढ सुमारे २.९ किलो मिळते. हुक ८ सेंटिमीटरवर नेला तर ती ३.५ किलो होते, आणि पुढच्या चाकांवर जेमतेम ६०० ग्रॅम उरतात. १० सेंटिमीटरला ओढ पूर्ण चार किलो होते, पण त्याच क्षणी पुढची चाके जमीन सोडतात. त्याहून वर हुक नेला तर ट्रॅक्टर उलटतो.

मोटर तीच, बॅटरी तीच, टायर तेच. केवळ हुक चार सेंटिमीटर वर सरकवला आणि ओढ पाचव्या हिश्श्याने वाढली. म्हणून हुकाला एकाखाली एक अशी चार-पाच भोके पाडून ठेवावीत आणि पुढे वजन लावायला जागा ठेवावी. मैदानात सर्वांत स्वस्तात मिळणारी ओढ हीच. खऱ्या ट्रॅक्टरवर मात्र हा प्रयोग कधीही करू नये. तिथे हुक मागच्या आसाच्या वर लावल्याने ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालक त्याखाली सापडतो.

दुसरे काम: चाकाला किती पीळ हवा

चाकाला फिरवणाऱ्या जोराला अभियंते टॉर्क म्हणतात. आपल्याकडे छोट्या मोटरींच्या लेबलवर तो किलो-सेंटिमीटरमध्ये लिहिलेला असतो. ओढ गुणिले चाकाची त्रिज्या, इतके साधे ते गणित आहे. चार किलो गुणिले साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे २६ किलो-सेंटिमीटर. मागच्या आसाला इतका टॉर्क पोचला की चाक घुमण्याच्या काठावर येते. त्याहून जास्त दिला तर फक्त टायर झिजतो.

आता वेग ठरवू. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला धावायचे नसते. सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीहून कमी वेग धरला, तर १३ सेंटिमीटरच्या चाकाचे मिनिटाला सुमारे ७५ फेरे होतात. चार किलोंची ओढ आणि हा वेग यांचा गुणाकार सुमारे २० वॉट येतो. गिअरमध्ये तीस टक्के वाया गेले असे धरले तर मोटरीने २८ वॉट द्यायला हवेत. वेग दुप्पट मागितला तर मोटरही दुप्पट वॉटची लागेल, ओढ मात्र चार किलोच राहील. म्हणून वेगाचा मोह आधीच आवरावा.

मोटरीचा फिरण्याचा वेग मिनिटाला हजारो फेऱ्यांत असतो आणि चाकाला हवेत फक्त ७५ फेरे. हे अंतर गिअर भरून काढतात. पहार लांब घेतली की थोड्या जोराने मोठा दगड हलतो, पण हाताला जास्त अंतर फिरावे लागते. गिअरचे काम अगदी तसेच आहे. खऱ्या ट्रॅक्टरमध्येही पहिल्या गिअरात इंजिनाचे साधारण दोनशे फेरे होतात तेव्हा मागचे मोठे चाक एकदा फिरते.

आपल्या नमुन्यासाठी १२ व्होल्टवर, काही न ओढता, मिनिटाला दहा हजार फेरे मारणारी मोटर घेतली आणि शंभराला एक असे गिअर लावले, तर मोकळे चाक शंभर फेरे मारेल. भार पडल्यावर वेग चौथ्या हिश्श्याने उतरून ७५ वर येईल, म्हणजे आपल्याला हवा तिथे. मोटरीला द्यावा लागणारा टॉर्क काढायला २६ ला शंभराने भागायचे आणि गिअरची तूट धरायची. उत्तर ०.३७ किलो-सेंटिमीटर येते. मोटर निवडण्याचा खरा आकडा हाच, आणि तो इथे पहिल्यांदा हाती आला.

मोटरीच्या आत काय घडते

साध्या ब्रशवाल्या मोटरीत कायम चुंबकांच्या मधोमध तारेचे वेढे फिरतात आणि कार्बनचे ब्रश त्यांना वीज पोचवतात. मोटर फिरू लागली की ती स्वतःही उलट्या दिशेने वीज तयार करते. वेग वाढतो तशी ही उलटी वीज वाढते आणि बॅटरीकडून येणारा प्रवाह कमी होतो. उलट भार वाढला की वेग उतरतो, उलटी वीज घटते आणि जास्त अँपिअर आत शिरतात. मोटर ओढते ते या अँपिअरच्या जोरावर. म्हणून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात: वेग व्होल्टवर ठरतो, आणि टॉर्क अँपिअरवर.

विजेच्या मोटरीचा मोठा गुण हा की ती उभ्या जागेवर सर्वांत जास्त टॉर्क देते. डिझेल इंजिनाला त्यासाठी क्लच लागतो, मोटरीला लागत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्ही.टी. ते कुर्ला ही विजेची पहिली गाडी धावली तेव्हा भरलेले डबे उभ्या जागेवरून उचलताना मोटरीचा हाच गुण कामी आला.

मात्र उभ्या जागेवरच्या या टॉर्कवर भरवसा ठेवून मोटर घेणे महागात पडते. १८३८ मध्ये नेवा नदीत विजेच्या मोटरीवर नाव चालवणारे मोरिट्झ जाकोबी यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम इथे उपयोगी पडतो. त्यानुसार मोटर सर्वांत जास्त वॉट देते ती आपल्या मोकळ्या वेगाच्या निम्म्यावर. पण त्या वेळी बॅटरीतून निघालेली अर्धी वीज मोटरीतच उष्णता होऊन जाते. नेहमीच्या कामासाठी मोटरीला मोकळ्या वेगाच्या पाऊण भागावर चालू द्यावे. तिथे ती थांबण्याच्या, म्हणजे उभ्या जागेवरच्या, टॉर्कच्या एक चतुर्थांश टॉर्क देत असते. म्हणजे आपल्याला ०.३७ किलो-सेंटिमीटर हवे असतील, तर लेबलवर थांबण्याचा टॉर्क दीड किलो-सेंटिमीटर तरी असावा.

आता वेढ्यांकडे. गावातल्या विहिरीवरची मोटर जळाली की ती रिवायंडिंगला जाते, आणि दुकानातला कारागीर किती वेढे आणि किती जाड तार हे आधी पाहतो. ती मोटर वेगळ्या जातीची असते, तरी वेढे आणि तार यांचे नाते छोट्या मोटरीतही तसेच आहे. जाड तारेचे थोडे वेढे असतील तर मोटर वेगाने फिरते, पण तेवढ्याच टॉर्कसाठी जास्त अँपिअर मागते. बारीक तारेचे जास्त वेढे असतील तर वेग कमी आणि प्रत्येक अँपिअरमागे टॉर्क जास्त. रिमोटच्या गाड्यांच्या मोटरी २१, ३५, ५५, ८० अशा वेढ्यांच्या आकड्यांनी विकल्या जातात. शर्यतीच्या गाडीला लहान आकडा, ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मोठा आकडा.

ब्रश नसलेल्या मोटरींवर वेढ्यांऐवजी केव्ही हा आकडा असतो. एका व्होल्टमागे मिनिटाला किती मोकळे फेरे, हा त्याचा अर्थ. १२ व्होल्टवर दहा हजार फेऱ्यांची आपली मोटर ८३० केव्हीच्या आसपासची झाली. अशा मोटरीला ०.३७ किलो-सेंटिमीटरसाठी सव्वातीन अँपिअर लागतात. स्वतःला फिरवण्यापुरते थोडे धरून चार अँपिअर म्हणू.

बाजारात काय घ्यावे

हातात आकडे आहेत, आता दुकानात जाता येईल.

शाळेच्या प्रकल्पात सर्रास दिसणारी पिवळ्या डब्यातली बीओ मोटर एक किलो-सेंटिमीटरच्या आसपास टॉर्क देते. आपल्याला २६ हवेत. तिचे प्लॅस्टिकचे गिअर पहिल्याच ओढीला दात सोडतील.

५४० या आकड्याने ओळखली जाणारी मोटर ३६ मिलिमीटर व्यासाची आणि ५० मिलिमीटर लांबीची असते. पाच किलोच्या ट्रॅक्टरला जास्त वेढ्यांची ५४० पुरते. ५५० ही त्याच व्यासाची, पण थोडी लांब, म्हणून थोडी जास्त दमदार. ७७५ त्याहून जाड असते. ट्रॅक्टर दहा किलोच्या पुढे गेला की तिचा विचार करावा. पाच किलोला ७७५ लावली तर पकड चारच किलो राहते, फक्त बॅटरी लवकर उतरते.

गिअरसकट मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या मोटरी, ज्यांना दुकानदार जॉन्सन मोटर म्हणतात, हा सोपा मार्ग आहे. १०० फेऱ्यांच्या दोन मोटरी घेऊन मागच्या प्रत्येक चाकाला एक लावली, तर प्रत्येकीला १३ किलो-सेंटिमीटर पुरतात. घेताना लेबलवरचा टॉर्क चालतानाचा आहे की थांबतानाचा, हे विचारून घ्यावे. थांबतानाचा असेल तर तो ५० च्या पुढे हवा. दोन मोटरींचा आणखी एक फायदा असा की एक चाक घुमू लागले तरी दुसरे ओढत राहते. एकाच मोटरीने साध्या डिफरन्शिअलमार्फत, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमार्फत, दोन्ही चाके फिरवली तर सगळा वेग घुमणाऱ्या चाकाकडे जातो. ते टाळण्यासाठी मागचा आस सरळ एकसंध ठेवावा, जसा खरा ट्रॅक्टर डिफरन्शिअल लॉक लावून चालतो.

बिघडलेले बॅटरीचे ड्रिल मशीन मिळाले तर ते सोडू नये. त्यात ५५० जातीची मोटर आणि चांगल्या प्रतीचा ग्रहमालेसारखा गिअरबॉक्स तयार मिळतो. त्यातले गिअर भार वाटून घेतात, म्हणून लहान जागेत मोठा टॉर्क सहन करतात.

गाडीच्या वायपरची मोटर हळू फिरते आणि दणकट असते, म्हणून ती मुलांना आवडते. पण तिच्यात वर्म गिअर असतो, आणि त्यात निम्मी शक्ती घासण्यात जाऊ शकते. चढावर ट्रॅक्टर मागे येऊ नये हा तिचा उपयोग आहे. लांब ओढीसाठी ती तोट्याची.

ड्रोनच्या ब्रश नसलेल्या मोटरी स्वस्त मिळतात, त्यांत १००० केव्हीची २२१२ फार प्रसिद्ध आहे. ती पंख्याच्या वाऱ्यावर थंड होईल असे धरून बनवलेली असते, आणि फिरत्या भागाची जागा ओळखणारा सेन्सर नसल्यामुळे भाराखाली उभ्या जागेवरून निघताना अडखळते. ओढण्याच्या खेळात प्रत्येक ओढ शून्य वेगापासूनच सुरू होते. ब्रश नसलेली मोटर घ्यायचीच असेल तर सेन्सरवाली, कमी केव्हीची आणि तिला जुळणाऱ्या स्पीड कंट्रोलरसह घ्यावी. पहिल्या ट्रॅक्टरसाठी ब्रशवाली मोटरच बरी. ती स्वस्त असते, सुरुवात मऊ करते आणि तिचे दुखणे उघड दिसते.

उष्णता आणि बॅटरी

मोटर मरते ती उष्णतेने. आपली मोटर नेहमीच्या ओढीत चार अँपिअर घेते, पण चाक अडकून ती थांबली तर तेरा अँपिअरपर्यंत जाते. उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वातीन पट अँपिअरला दहा पटींहून जास्त उष्णता. चार अँपिअरला मोटरीत पंधरा वॉटच्या आसपास उष्णता होते. थांबल्यावर १५० वॉटहून जास्त, आणि तीही मुठीत मावणाऱ्या डब्यात, जिथे हवा फिरत नाही. काही सेकंदांत तारेवरचे वार्निश वितळते.

म्हणूनच आधी पकड मोजायची. मोटरीला गिअर असे लावायचे की ती थांबण्याआधी चाक घुमेल. घुमणारे चाक हा मोटरीचा सर्वांत स्वस्त रक्षक आहे. उलट, वजन इतके वाढवले की चाक घुमायच्या आधी मोटर थांबते, तर वाचवायला कोणी उरत नाही. याखेरीज बॅटरीच्या तारेत साडेसात अँपिअरचा, गाडीत असतो तसा पात्याचा फ्यूज घालावा आणि स्पीड कंट्रोलर तीस अँपिअरचा घ्यावा. प्रत्येक ओढीनंतर मोटरीच्या डब्याला बोट लावून पाहावे. दोन-तीन सेकंद टेकवता येत नसेल तर थांबावे. बीडच्या एप्रिल-मे महिन्यांत हवाच चाळीस अंशांवर असते, तेव्हा मोटरीला तापायला वाव उरत नाही. त्या दिवसांत सकाळी लवकर खेळावे आणि दोन ओढींत विश्रांती द्यावी. काळ्या मातीची बारीक धूळ ब्रशपाशी जाऊ नये म्हणून मोटर झाकावी, पण तिचा डबा हवेला उघडा राहील अशी.

फवारणी पंपातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर बॅटरी सुमारे अडीच किलोची असते. उडणाऱ्या नमुन्याला ते वजन नकोसे, पण आपल्याला पाच किलोंतले अडीच किलो तीच देते, आणि चार अँपिअरने ती तासाहून जास्त चालते. तीन सेलची लिपो बॅटरी हलकी असते, ११.१ व्होल्टची, आणि भार पडला तरी तिचा व्होल्ट फारसा उतरत नाही. तिचा कोणताही सेल तीन व्होल्टखाली जाऊ देऊ नये, फुगलेली वापरू नये, आणि चार्ज होताना शेजारी माणूस असावा.

छोट्या हिशेबाचे मोठे काम

सगळा क्रम एका ओळीत सांगता येतो: वजन, पकड, हुक, चाकाचा टॉर्क, वेग, गिअर, मोटर, अँपिअर, उष्णता. वहीत या नऊ ओळी लिहा आणि प्रत्येकीसमोर आपल्या ट्रॅक्टरचा आकडा भरा. ट्रॅक्टर तयार झाला की पुन्हा काटा लावा आणि प्रत्यक्ष ओढ मोजा. हिशेबातल्या आकड्यापेक्षा ती बरीच कमी आली, तर चाक घुमते की मोटर दमते एवढेच पाहा. चाक घुमत असेल तर टायर, वजन आणि हुक तपासा. मोटर दमत असेल तर गिअर आणखी हळू करा. मोटर बदलण्याची पाळी यानंतरच येते, आणि बऱ्याचदा येतच नाही.

या नऊ ओळी खेळण्यापुरत्या नाहीत. २०२० च्या डिसेंबरमध्ये सोनालिका कंपनीने विजेवर चालणारा ट्रॅक्टर बाजारात आणला, तो ११ किलोवॉटच्या मोटरीचा, म्हणजे पंधरा हॉर्सपॉवरच्या आसपासचा. २०२३ मध्ये दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेने प्रायमा ईटी-११ हा विजेचा छोटा ट्रॅक्टर पुढे आणला. उद्या असे ट्रॅक्टर बीडच्या रानात उतरतील तेव्हा विकणारा हॉर्सपॉवर सांगेल, बॅटरीचे तास सांगेल. ते ऐकून घ्यावे, आणि मग तीनच प्रश्न विचारावेत: याचे वजन किती, हुकावर ओढ किती, आणि ती ओढ सलग किती वेळ देताना मोटर तापत नाही? ज्या मुलीने किंवा मुलाने पाच किलोच्या ट्रॅक्टरला काटा लावून पाहिला आहे, तिला किंवा त्याला हे प्रश्न कोणी शिकवावे लागणार नाहीत, आणि मिळालेले उत्तर खरे की खोटे हेही घरच्या घरी ठरवता येईल.